टोपलीचा संडास गेला, पण गटार कोणाच्या दाराशी?

बरो म्युनिसिपालिटीच्या काळातले नगर, आपली वस्ती आणि आजचे आरोग्य



पाऊस सुरू झाला की वस्तीतल्या दवाखान्यापुढे रांग लागते. कुणाच्या लेकराला जुलाब, कुणाला उलट्या, कुणाला हिवताप, कुणाला कावीळ. आपण म्हणतो, "पाणी बदललं, हवा बदलली." औषध आणतो, चार दिवसांत पोर उठून बसते आणि आपण विसरतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच रांग.

या वेळी औषधाआधी थोडे मागे वळून पाहू. घरात ऐंशीच्या पुढची आजी किंवा आजोबा असतील तर त्यांना एवढेच विचारा : तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे? संडासला कुठे जायचे? मैला कोण उचलायचे? ही तीन उत्तरे ऐकली की आपल्या वस्तीत आजार कसा आला आणि का राहिला, याचा अर्धा उलगडा होतो. उरलेला अर्धा आज आपल्या हातात आहे.

बरो म्हणजे काय होते?

जुन्या कागदांवर, जन्माच्या दाखल्यांवर "बरो म्युनिसिपालिटी" असे शब्द दिसतात. १९२५ साली मुंबई इलाख्यात म्युनिसिपल बरोज कायदा झाला. मोठ्या गावांच्या नगरपालिकांना त्याने "बरो" हा वरचा दर्जा आणि अधिक अधिकार दिले. नगरची पालिका त्याच्याही बरीच आधीची, १८५४ सालची. पुढे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्याने बरो हे नाव संपले आणि २००३ मध्ये नगरला महानगरपालिका झाली. शेजारच्या भिंगार कॅम्पात मात्र पहिल्यापासून कॅन्टोन्मेंटचा वेगळा कारभार होता. एकाच गावात दोन कारभार आणि दोन तऱ्हेची स्वच्छता.

पालिकेची सक्तीची कामे कायद्यातच लिहिलेली होती : रस्ते झाडणे, गटारे काढणे, मैला उचलणे, सार्वजनिक संडास बांधणे, पाणी पुरवणे, देवी टोचणे, जन्म-मृत्यूची नोंद ठेवणे. म्हणजे स्वच्छता ही पालिकेने आपल्यावर केलेली मेहेरबानी नव्हती. ती तिची कायदेशीर जबाबदारी होती. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, शेवटी ती कामाला येणार आहे.

मग ही कामे सगळ्यांच्या दारी सारखी का पोचली नाहीत? पालिकेचा पैसा घरपट्टी आणि जकातीचा. मताचा हक्क बराच काळ कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या थोड्या लोकांपुरता होता. ज्याचे मत त्याच्या आळीत नळ, हा हिशेब सरळ होता. आपली माणसे गावकुसाबाहेर, नदीकाठी, नाल्याच्या उतारावर. गावातले गटार उताराकडे वाहते आणि उतारावर आपले घर. वस्ती घाण म्हणून लोक नाक मुरडत, पण ती घाण वरच्या आळीतून वाहत आलेली असे, हे कुणी बोलत नसे.

पाणी होते, पण ते सगळ्यांचे नव्हते

पाण्याच्या बाबतीत नगर हे जुने जाणते शहर. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, वडगाव, शेंडी या बाजूंच्या विहिरींचे पाणी खापरी नळांतून शहराकडे आणि बागांकडे आणले होते. फराहबाग, हश्त-बिहिश्त बाग याच पाण्यावर हिरव्या होत्या. पंप नाही, वीज नाही. जमिनीचा उतार साधून मातीच्या नळातून पाणी हौदात पडायचे. इंग्रजी अमदानीतही यातले काही नळ शहराची तहान भागवत होते. त्यानंतर तलावाचे पाणी आले आणि त्याही नंतर मुळा धरणाचे. आज मुळानगर, विळद असे टप्पे घेत पाणी वसंत टेकडीच्या टाकीत चढते.

एवढी कारागिरी असलेल्या मुलखात अस्पृश्यांना मात्र हौदाला हात लावायची बंदी. वरून कुणी ओतले तर ओंजळीत घ्यायचे, नाहीतर नदीच्या वाळूत झरा उकरायचा. झऱ्याचे पाणी जनावरेही पीत आणि वरच्या अंगाला धुणीही चालत. पटकीची साथ आली की ती आधी अशाच पाण्यावर जगणाऱ्यांच्या घरात शिरायची. लोक तिला देवीचा कोप समजून मरीआईचा गाडा शिवेबाहेर हाकलायचे. रोगाचे जंतू मात्र मागे पाण्यातच राहायचे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांबरोबर सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखानेही अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात होते. दवाखाना हा शब्द त्या यादीत असावा लागला, यावरून त्या वेळची स्थिती समजते. पुढे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर दहा वर्षे कोर्टात लढा चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

महाडचा लढा माणुसकीच्या हक्काचा होता, हे आपण दरवर्षी सांगतो. तो आरोग्याचाही लढा होता, हे सांगायचे राहून जाते. स्वच्छ पाणी ज्याला मिळते त्याचे लेकरू जगते. पाणी अडवणे म्हणजे आयुष्य अडवणे.

डोक्यावरची पाटी

आता संडासाकडे येऊ. त्या काळी शहरात भुयारी गटार नव्हते. वाड्यांच्या मागच्या बाजूला टोपलीचे संडास असत. वर बसायची जागा, खाली टोपली किंवा डबा आणि मागच्या बोळात उघडणारे छोटे दार. पहाटे सफाई कामगार, त्यातही बहुतेक बाया, त्या दारातून टोपली ओढायच्या, पाटीत मैला भरायच्या, पाटी डोक्यावर घ्यायच्या आणि मैलागाडीपर्यंत चालत जायच्या. पावसाळ्यात पाटीतून ओघळ अंगावर यायचा. हातात मोजा नाही, पायात वहाण नाही. काम झाल्यावर हात धुवायला पाणी मागितले तर लांबूनच मिळायचे.

या कामाने काय काय आजार दिले ते पाहा. उघड्या पायांनी मैल्यात चालल्याने आकडीचे जंत कातडीतून शिरायचे, पोटात बसून रक्त प्यायचे. बाई पांढरीफटक पडायची, त्यात बाळंतपण आले की जीव धोक्यात. पटकी, विषमज्वर, हगवण ही रोजची भीती. एवढे सोसून रोजगार तुटपुंजा, आणि त्यावर "ही जातच घाणेरडी" असा शिक्का.

१९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करावी, हातगाड्या आणि साधने द्यावीत, असे तिचे सांगणे होते. १९५५ मध्ये केंद्र सरकारने या शिफारशी सगळ्या राज्यांना कळवल्या. १९५७ मध्ये प्रा. एन. आर. मलकानी यांची समिती नेमली गेली, १९६० मध्ये तिचाही अहवाल आला. अहवाल आले, परिपत्रके निघाली, तरी पाटी डोक्यावरून उतरायला आणखी काही दशके गेली. मैला उचलायला माणूस लावण्यावर आणि टोपलीचे संडास बांधण्यावर बंदी घालणारा कायदा झाला तो १९९३ साली, आणि २०१३ साली त्याहून कडक कायदा.

आपल्या समाजाने यातून एक धडा आधीच घेतला होता. बाबासाहेबांनी महारकीची कामे, मेलेली जनावरे ओढणे, मृतमांस खाणे सोडायला सांगितले. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, हरेगावला, वतनदारांची परिषद भरली. तिथे त्यांनी या वतनाच्या गुलामीवर कोरडे ओढले. वतन गेले तर भाकर जाईल, ही भीती लोकांना होती आणि ती खोटी नव्हती. तरी लोकांनी ती कामे सोडली. मेलेले जनावर ओढणे थांबले तशी त्याच्यासोबत घरात येणारी रोगराईही थांबली. आरोग्याचा हा निर्णय कुठल्या सरकारी खात्याने घेतला नव्हता, आपल्या आजी-आजोबांनी उपाशी राहून घेतला होता.

मात्र पाटी वाहणारे बरेच भाऊबंद, मेहतर, वाल्मीकी, रुखी, मांग समाजातले, त्या कामात अडकून राहिले. ते आपल्या शेजारच्याच गल्लीत राहतात. त्यांना परके समजणे धम्माला धरून नाही.

किती लेकरे जगायची?

१९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली. १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. १९३७ सालचा आकडा त्यात आहे : ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर १००० बालकांपैकी १६२ बालके वर्षाच्या आत दगावत. सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षांच्याही आत. हा सगळ्या समाजाचा आकडा. गटाराच्या काठी राहणाऱ्यांचा वेगळा काढला असता तर तो कुठे गेला असता, याची कल्पना करा. आजीला विचारा, "तुला भावंडं किती?" ती म्हणेल, "अकरा झाली, पाच जगली."

आज महाराष्ट्रात तोच आकडा दर हजारी १६ च्या आसपास आला आहे. औषधे आली, लस आली हे खरे. त्यांच्याबरोबर नळ आला, संडास आला आणि शिकलेली आई आली, हे तितकेच मोठे कारण आहे.

आईच्या आरोग्याचा विषय निघाला म्हणून नगरची एक गोष्ट सांगायलाच हवी. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने लोकांना पुरवाव्यात, असा बिनसरकारी ठराव मांडला गेला. तो मांडणारे होते स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम, मतदारसंघ अहमदनगर दक्षिण. भाषणामागचा विचार बाबासाहेबांचा. त्या दिवशी ते स्वतः सभागृहात हजर राहू शकले नाहीत. वारंवारच्या बाळंतपणाने बाई खंगते, लेकरे अशक्त जन्मतात आणि गरिबी पिढ्यान् पिढ्या चालू राहते, हा त्याचा गाभा. त्या काळी हा विषय चारचौघांत काढणेही लाजेचे मानत. ठराव फेटाळला गेला. पण देशाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेण्याच्या कितीतरी वर्षे आधी नगरच्या प्रतिनिधीने ही मागणी केली होती, हे आपल्या मुलींना माहीत असले पाहिजे. त्याआधी २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भरपगारी रजेची बाजू मांडली होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला.

आणखी मागे गेलो तर सावित्रीमाई दिसतात. अध्यापनाचे शिक्षण त्यांनी आपल्या नगरलाच, मिस फॅरार यांच्याकडे घेतले. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला.

तथागतांनी आजाऱ्याला धुतले

विनयपिटकात एक प्रसंग येतो. एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी होता. आपल्याच घाणीत पडलेला. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. तथागत आनंदाला घेऊन तिथे गेले. आनंदाला पाणी आणायला सांगितले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोके धरले, दुसऱ्याने पाय धरले आणि त्याला खाटेवर निजवले. नंतर सर्व भिक्खूंना बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्याच विनयात पाणी गाळून प्यावे, शौचकूप वापरून झाल्यावर पुढच्यासाठी स्वच्छ ठेवावा, पाण्याचे भांडे रिकामे राहू देऊ नये, असे नियम आहेत. पाणी गाळायचे फडके हे भिक्खूच्या आठ वस्तूंपैकी एक. रस्ता झाडणारा सुनीत भिक्खुसंघात आला आणि थेर म्हणून पूज्य झाला. झाडू मारणाऱ्याला हलके मानायचे नाही आणि झाडू मारायला लाजायचेही नाही, हा आपला वारसा. विहारात वंदना झाली आणि बाहेर विहाराच्याच भिंतीला कचरा टेकला, असे असेल तर वंदना अर्धीच झाली.

आजचा आजार कुठून येतो?

टोपली गेली. पण मैला आणि तोंड यांच्यातले अंतर अजून पुरते तुटलेले नाही. मैल्यातला जंतू पाच वाटांनी तोंडात येतो : पाणी, हात, माशी, माती आणि उघडे अन्न. या पाच वाटा बंद करायच्या, एवढेच काम.

पाणी. बऱ्याच वस्त्यांत नळाची जोडणी गटारातूनच नेलेली असते. पाणी चोवीस तास नसते. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि सांध्यात फट असेल तर गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ, वासाचे पाणी पिण्यासाठी भरू नका, ते संडासात किंवा अंगणात वापरा. पिण्याचे पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटे आणखी उकळा. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या वापरा. प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते, टाकल्यावर अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. माठावर झाकण आणि दांड्याचे ओगराळे हवेच. माठात ग्लास बुडवला की हाताचे जंतूही बुडतात.

हात. संडासहून आल्यावर, लेकराची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी साबण. राख-माती नको. लहान लेकराची शी निर्मळ असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातही जंतू असतात. ती गटारात किंवा उकिरड्यावर न टाकता संडासात टाका.

डास. पाणी रोज येत नाही म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. डेंगीचा डास याच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि साधारण आठवड्यात त्याचे डास होतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस : पिंप, टाकी, कूलर रिकामे करायचे, आतून घासायचे, वाळवायचे. शक्य झाल्यास सगळ्या गल्लीने एकच वार ठरवावा. एका घरी केले आणि शेजारी राहिले तर डास इकडेच येणार.

जुलाब लागले तर

बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी, १९७१ साली, बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्याच हाती दिले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या आत आले. तेच आजचे ओआरएस. पुडी आशाताई, अंगणवाडी आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये. चव आसवांपेक्षा खारट लागली तर ते पाणी टाकून द्या. दोन वर्षांच्या आतील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्या. केलेले पाणी चोवीस तासांनंतर वापरू नका. अंगावरचे दूध बंद करू नका. भाताची पेज, वरणाचे पाणी, मऊ खिचडी चालू ठेवा. जुलाबात उपाशी ठेवल्याने लेकरू आणखी खालावते. दवाखान्यातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करा. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची रोटाव्हायरसची लस चुकवू नका.

शीत रक्त दिसले, डोळे खोल गेले, रडताना आसू येत नाहीत, लघवी सहा तास झाली नाही, लेकरू मलूल पडले किंवा काहीच पीत नाही, यातले एक जरी दिसले तरी रात्र असली तरी दवाखाना गाठा. अंगारे-धुपारे, उतारा यात घालवलेला एक तासही महाग पडतो.

टाकीत माणूस उतरवायचा नाही

पाटी डोक्यावरून उतरली, पण माणूस अजून टाकीत उतरतो. शौचालयाची टाकी भरली की कुणीतरी म्हणते, "पाचशे रुपये दे, पोरगा उतरेल." तो पोरगा आपला किंवा आपल्या शेजारचाच असतो.

टाकीत मैला कुजून विषारी वायू साठतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. तोंडाला फडके बांधून किंवा दारू पिऊन यातून वाचता येत नाही. कुणी आत पडला तर तुम्ही उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा.

माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूनंतर घरच्यांना ३० लाख रुपये द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला आहे. पण पैसे घेऊन माणूस परत येत नाही. टाकी उपसायची तर मैला खेचणारी गाडीच बोलवायची, हे वस्तीने ठरवूनच टाकावे.

अर्ज, पोहोच आणि पाठपुरावा

आता सुरुवातीची गोष्ट आठवा : स्वच्छता ही पालिकेची सक्तीची जबाबदारी आहे. १९२५ च्या कायद्यातही होती, आजही आहे. फरक एवढाच की तेव्हा आपल्या माणसांना मत नव्हते, आज प्रत्येक सज्ञान बाई-पुरुषाला आहे.

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. दोन मुले वहीत नोंद घेतील. किती घरांना स्वतःचा संडास आहे? सार्वजनिक संडासाची किती भांडी चालू आहेत? स्वच्छ भारतच्या नियमाप्रमाणे सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायांमागे एक भांडे हवे. आपल्याकडे किती आहेत ते मोजा. आत दिवा आहे का? दाराला आतून कडी आहे का? पाणी आहे का? कडी आणि दिवा नसेल तर बाया अंधार पडायची वाट बघतात, पाणी कमी पितात, मग लघवीची आग, मूतखडा. कुठल्या नळाचा पाइप गटारातून जातो? या सगळ्याचा फोटो काढा.

मग अर्ज लिहा. "वस्तीत घाण आहे" असे मोघम लिहू नका. अमुक गल्ली, अमुक खांबाजवळ, इतक्या फुटांचे गटार उघडे, इतक्या तारखेपासून, असे लिहा. खाली जास्तीत जास्त घरांच्या सह्या घ्या, त्यात बायांच्या सह्या आधी. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोहोच घ्या. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की अर्जावर काय कारवाई झाली, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती सुधारणेचा निधी आपल्या प्रभागात कुठे खर्च झाला. पाण्याची शंका असेल तर ओटी टेस्टची मागणी करा. नळाच्या पाण्यात रसायनाचा थेंब टाकला की क्लोरीन असेल तर ते पिवळे होते. पिवळे झाले नाही तर त्याचाही फोटो अर्जाला जोडा.

हे काम एकट्याने करायचे नाही. शेजारची वाल्मीकी वस्ती, मांगवाडा, मुस्लिम मोहल्ला यांचेही गटार तेच आहे. सह्या एकत्र झाल्या तर अर्जाचे वजन वाढते.

आपल्या आजीने झरा उकरून पाणी आणले. तिच्या पिढीने वतन सोडले, धम्म घेतला, पोरांना शाळेत घातले. तिच्या नातवाने एक अर्ज लिहावा आणि आठवड्याला एक पिंप घासावे, एवढी अपेक्षा जास्त नाही. पुढच्या रविवारी वही घेऊन विहारात या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम, नमो बुद्धाय.